भुकटीत गोंद नसतो : रंगवलेल्या मॉडेलवर धूळ, चिखल आणि गंज कसा चढवायचा

वेदरिंग पिगमेंट म्हणजे अतिशय बारीक दळलेला कोरडा रंग. रंगाच्या नेहमीच्या बाटलीत तीन गोष्टी असतात : रंग देणारी भुकटी, ती पृष्ठभागाला धरून ठेवणारे रेझिन म्हणजे गोंद, आणि हे दोन्ही पातळ ठेवणारे पाणी किंवा थिनर. पिगमेंटच्या बाटलीत यातली पहिलीच गोष्ट असते. गोंद नाही, पाणी नाही. हा एक मुद्दा डोक्यात पक्का बसला की पुढची जवळजवळ प्रत्येक अडचण आपोआप समजते. भुकटी घसरून का पडते, ओली केल्यावर काळपट का दिसते, वरून वॉर्निश मारल्यावर नाहीशी का होते, बोट लागले की ठसा का उमटतो, या सगळ्यांचे मूळ तिथेच आहे.

गोंद नसणे हा या भुकटीचा दोष नाही, तिचा सगळा उपयोगच त्यात आहे. खऱ्या वाहनावरची धूळही कुणी चिकटवलेली नसते. ती कोरडी असते, तिला अजिबात चमक नसते आणि कडेला ती विरत जाते. ब्रशने किंवा एअरब्रशने, म्हणजे हवेच्या झोताने, मारलेल्या रंगात धुळीचा रंग आणता येतो, पण तिचा पोत आणता येत नाही, कारण रंगाचा शेवटी एक सलग पातळ थर तयार होतो. भुकटीचा थर मात्र सुट्या कणांचाच राहतो.

समजायला सोपे जावे म्हणून एकच वाहन धरून चालू : १/३५ मापाचा सेंच्युरियन रणगाडा. १९७१ च्या डिसेंबरमध्ये शकरगड भागात बसंतर नदीच्या परिसरात भारतीय लष्कराच्या पूना हॉर्स रेजिमेंटचे सेंच्युरियन लढले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले ते १६ डिसेंबरच्या याच लढाईसाठी. या वाहनावर धूळ, ओला चिखल, गंज, काजळी आणि घासून चमकलेले पोलाद या पाचही गोष्टींना जागा आहे, म्हणून शिकायला ते उत्तम. हीच पद्धत मालगाडीच्या डब्याला, ट्रॅक्टरला किंवा एसटीच्या मॉडेललाही चालते. फक्त मातीचा रंग बदलायचा.

आधी माती ठरवा

पिगमेंटच्या बाटल्यांवर ‘युरोपियन अर्थ’, ‘लाइट डस्ट’ अशी नावे असतात. ती नावे विसरा आणि वाहन कुठल्या जमिनीवर आहे ते बघा. शकरगड भागातली जमीन नद्यांनी आणलेल्या गाळाची आहे : फिकट, करडी झाक असलेली पिवळट माती. यासाठी वाळूच्या रंगाची फिकट भुकटी ३ भाग, रॉ अंबर म्हणजे मातकट तपकिरी भुकटी १ भाग आणि करड्या भुकटीची चिमूट असे मिश्रण बरोबर बसते. कोकणातल्या रस्त्यावरचे वाहन असेल तर जांभ्याची लाल धूळ हवी. देशावरच्या काळ्या मातीचे वाहन असेल तर लक्षात ठेवा की ती माती ओली असताना काळी दिसते, पण वाळलेली धूळ राखाडीकडे झुकते. काळ्या मातीसाठी सरळ काळी भुकटी वापरली की मॉडेल कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे दिसते.

एकाच बाटलीवर सगळे मॉडेल उरकू नका. त्याच मिश्रणाच्या तीन छटा करून ठेवा : मूळ छटा, थोडा रॉ अंबर वाढवलेली गडद छटा आणि थोडी पांढरी मिसळलेली फिकट छटा. गडद छटा खाली आणि सांध्यांमध्ये, मूळ छटा मधल्या भागावर, फिकट छटा वरच्या आडव्या पत्र्यांवर. पाव चहाचा चमचा भुकटी एका रणगाड्याच्या कोरड्या धुळीला पुरते. ३५ मिलीची बाटली कित्येक मॉडेलांना पुरून उरते, त्यामुळे सुरुवातीला दहा बाटल्यांचा संच घ्यायची गरज नाही. फिकट वाळू, रॉ अंबर, गडद गंज आणि काळा, या चार बाटल्यांत बहुतेक कामे होतात.

गडद हिरव्या रंगावर फिकट धुळीचा अगदी पातळ थर दिला की तो निळसर, थंड दिसू लागतो. भुकटी चुकली म्हणून हे होत नाही. गडद पार्श्वभूमीवर विखुरलेले बारीक फिकट कण प्रकाश पसरवतात तेव्हा तसेच दिसते. म्हणून गडद वाहनासाठी धूळ डोळ्याला योग्य वाटते त्यापेक्षा किंचित उबदार ठेवावी, म्हणजे तीत पिवडीची, म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगाची, चिमूट टाकावी.

पिवडीवरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. महागड्या बाटल्यांमधला मातकट रंग बहुतांशी लोहाच्या ऑक्साइडांचाच असतो. पिवडीत पाणी धरून ठेवलेले लोह ऑक्साइड असते. ती चांगली तापवली की ते पाणी निघून जाते आणि तिचा गेरूसारखा लाल रंग होतो. म्हणजे पिवडी, गेरू आणि फरशीच्या सिमेंटमध्ये घालतात तो लाल ऑक्साइड, या सगळ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तू याच कुळातल्या आहेत. त्या वापरता येतात, पण दोन अटींवर. कुंड्यांना लावायचा गेरू जाडसर असतो, तो मलमलच्या दुहेरी कापडातून चाळून घ्यावा लागतो. फरशीचा ऑक्साइड उलट फार बारीक आणि फार जोरकस असतो. तो नुसता लावला की डाग पडतो आणि निघत नाही, म्हणून फिकट भुकटीत अगदी थोडा मिसळूनच वापरावा. शाळेतले ऑइल पेस्टल चालत नाहीत, त्यांत मेण आणि तेल असते. कोरडे सॉफ्ट पेस्टल खडू सुरीने किंवा पॉलिश पेपरवर खरवडून चालतात. तयार बाटल्या सहज मिळू लागण्याआधी मॉडेलकार तेच करत असत.

अंगणातली खरी माती चाळून वापरण्याचा मोह टाळा. मापाचा हिशेब करून बघा. ०.२ मिमीचा बारीक वाळूचा कण १/३५ मध्ये ७ मिमीचा खडा होतो, १/७२ मध्ये सुमारे साडेचौदा मिमीचा. म्हणजे डोळ्यांना धूळ वाटणारी गोष्ट मॉडेलवर खडी होऊन बसते.

पृष्ठभाग : अर्धे काम इथेच होते

गोंद नसलेली भुकटी पृष्ठभागाच्या खडबडीतपणात अडकून टिकते. सूक्ष्मदर्शकाखाली मॅट म्हणजे बिनचमकेच्या वॉर्निशचा पृष्ठभाग खाचखळग्यांचा दिसतो, ग्लॉसचा म्हणजे चमकदार वॉर्निशचा सपाट. म्हणून ग्लॉसवर भुकटी घसरते आणि मॅटवर धरते.

क्रम असा ठेवावा : मूळ रंग, ग्लॉस वॉर्निश, त्यावर डेकल म्हणजे चिकटवायची छापील चिन्हे, डेकलवर पुन्हा ग्लॉसचा हलका हात, मग सांध्यांमध्ये गडद वॉश म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, मग सगळ्यावर मॅट वॉर्निश, रंग उडाल्याच्या खुणा आणि ऑइल रंगांचे काम, आणि सर्वांत शेवटी पिगमेंट. मॅट वॉर्निश मारल्यावर निदान २४ तास थांबा. वरून कोरडे वाटणारे वॉर्निश आतून मऊ असेल तर भुकटी त्यात रुतते आणि तिथे कायमचा डाग पडतो.

इथे एक बारकावा आहे. सगळे मॉडेल सारखेच मॅट करण्याची गरज नाही. वरच्या पत्र्यांवर धूळ फक्त कोपऱ्यांत आणि बोल्टभोवती हवी असेल तर तिथे सॅटिन म्हणजे मंद चमकीचे वॉर्निश ठेवा. सपाट भागावरची भुकटी पुसली जाईल आणि कोपऱ्यातली राहील. चाके, बाजूचे पत्रे आणि खालचा भाग पूर्ण मॅट. वॉर्निशच्या जागा अशा वेगळ्या ठेवल्या की पुसण्याचे निम्मे काम वाचते.

पावसाळ्यात मॅट स्प्रे वापरताना सांभाळा. हवेत दमटपणा जास्त असेल तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरते आणि वॉर्निश पांढुरके पडते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हे हमखास होते. एसीची खोली किंवा कोरडी दुपार बघा, डबा २५ ते ३० सेंमी लांब धरा आणि एका जाड हाताऐवजी तीन विरळ हात मारा. भुकटीच्या बाटल्यांत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, नाहीतर गुठळ्या होतात आणि मॉडेलवर त्या ठिपक्यांच्या रूपात उतरतात.

काम सुरू करण्याआधी मॉडेलला हात लावायचा नाही अशी सोय करा. बोटाचे तेल लागलेल्या जागी भुकटी जास्त धरते आणि ठसा स्पष्ट दिसतो. रणगाड्याचा खालचा भाग डबल टेपने एखाद्या डब्याच्या झाकणावर बसवा, वरचा बुरूज वेगळा काढून ठेवा आणि पातळ हातमोजे घाला. पंखा बंद ठेवा. तोंडावर एन९५ मास्क हवाच. हे कण इतके बारीक असतात की ते हवेत बराच वेळ तरंगतात. जास्तीची भुकटी फुंकर मारून कधीच उडवू नका, ब्रशने झटका किंवा मॉडेल उलटे करून टिचकी मारा.

कोरडी धूळ

जुना मऊ गोल ब्रश घ्या, २ किंवा ४ नंबरचा. नवा महागडा ब्रश इथे वाया जातो. बाटलीत थेट ब्रश बुडवू नका. थोडी भुकटी बशीत काढा, ब्रशचे टोक तिला लावा, बशीच्या कडेवर टिचकी मारून जादाची पाडा. मग ब्रश मॉडेलवर ओढायचा नाही, टेकवायचा. ओढला की भुकटी पट्ट्यात पसरते आणि ब्रशच्या रेघा दिसतात. टेकवत गेल्यावर ती ढगासारखी बसते. एका भागावर भुकटी बसली की दुसरा स्वच्छ कोरडा ब्रश घेऊन वरून खाली या दिशेने हलकेच पुसा. पाऊस आणि गुरुत्वाकर्षण ज्या दिशेने काम करतात तीच दिशा. आडव्या पत्र्यांवर मात्र मधून कोपऱ्यांकडे ढकला.

सेंच्युरियनवर धूळ कुठे कमी असावी हेही तितकेच महत्त्वाचे. सैनिक जिथून चढतात-उतरतात, म्हणजे पुढचा तिरका पत्रा, चाकांवरचे मडगार्ड आणि बुरुजाच्या झाकणांभोवतीचा भाग, तिथे धूळ बुटांनी आणि कपड्यांनी पुसलेली असते. तिथे मूळ हिरवा रंग दिसू द्या. सामानाच्या पेट्यांच्या झाकणांवर हाताळून साफ झालेले पट्टे ठेवा. सगळीकडे सारखी धूळ असलेले मॉडेल पिठात लोळवल्यासारखे दिसते. नवशिक्यांचे काम ओळखू येते ते बहुतेक यावरूनच.

आता थांबा आणि दिवसाच्या उजेडात बघा. इथपर्यंत काहीही पक्के झालेले नाही. नको असलेली भुकटी कोरड्या ब्रशने काढता येते, हट्टी जागा किंचित ओलसर इअरबडने. घाई करून लगेच फिक्सर, म्हणजे भुकटी पक्की करणारा द्रव, लावणे ही या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण त्यानंतर मागे फिरणे अवघड होते.

पक्के करणे, आणि रंग का बदलतो

भुकटी पक्की करायला तीन प्रकारचे द्रव वापरतात. व्हाइट स्पिरिट किंवा बिनवासाचा थिनर : त्यात गोंद नसतो, तो कण ओले करून खाचांमध्ये नीट बसवतो आणि उडून जातो. पकड सौम्य राहते. आयसोप्रोपिल अल्कोहोल : हे खालच्या ॲक्रिलिक रंगाला किंचित मऊ करून कणांना त्यात बसवते, म्हणून पकड जरा जास्त. पण तोच त्याचा धोकाही आहे. ९० टक्क्यांवरचे अल्कोहोल टामिया कंपनीचे ॲक्रिलिक रंग सरळ विरघळवते, त्यामुळे खाली लॅकर वॉर्निशचा थर नसेल तर ते वापरू नका. तिसरा, तयार पिगमेंट फिक्सर. एके इंटरॲक्टिव्ह, ॲमो अशा कंपन्या तो विकतात. त्यात थिनरमध्ये विरघळवलेले थोडे रेझिन असते, म्हणजे बाटलीतून काढून टाकलेला गोंद आपण आता परत घालतो. पकड सर्वांत चांगली आणि दिसण्यात बदलही सर्वांत जास्त.

रंगाच्या दुकानातले साधे टर्पेंटाइन स्वस्त पडते, पण मॉडेलच्या कामाला ते वापरू नये. त्याचा वास राहतो आणि हलक्या प्रतीचे असेल तर तेलकट डाग मागे ठेवते. तिन्ही द्रव ज्वलनशील आहेत. खिडकी उघडी, गॅस आणि उदबत्ती दूर.

लावण्याची रीत अशी. ब्रश द्रवात भिजवा आणि भुकटीच्या अलीकडे, पत्र्याच्या कडेला किंवा एखाद्या सांध्याला, नुसता टेकवा. केशाकर्षणाने द्रव स्वतःच भुकटीत शिरत जातो आणि ती जागच्या जागी भिजते. ब्रश भुकटीवर फिरवला तर ती ब्रशबरोबर वाहून जाते आणि इतका वेळ केलेले सगळे कोरडे काम पुसले जाते. मोठ्या भागासाठी ड्रॉपर चांगला. बाजूच्या उभ्या पत्र्यांसाठी मॉडेल आडवे करून ठेवा, म्हणजे द्रव ओघळणार नाही.

भुकटी भिजली की ती एकदम गडद होते आणि बघणाऱ्याचा धीर सुटतो. हे का होते ते समजून घ्या, म्हणजे घाबरायला होणार नाही. कोरड्या भुकटीच्या कणांमध्ये हवा असते. कण आणि हवा यांच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या प्रमाणात, मोठा फरक असतो, म्हणून प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर प्रकाश उसळतो आणि भुकटी फिकट, अपारदर्शक दिसते. हवेची जागा द्रवाने घेतली की तो फरक कमी होतो, प्रकाश कमी विखुरतो आणि खालचा रंग दिसू लागतो. व्हाइट स्पिरिट उडून गेले की हवा परत येते आणि रंगही जवळजवळ पहिल्यासारखा होतो. फिक्सरमधले रेझिन मात्र उडत नाही. ते कणांच्या मधे राहते, म्हणून वाळल्यावरही रंग एक पायरी गडदच राहतो. तेवढा हिशेब धरून धूळ मुळातच थोडी जास्त आणि थोडी फिकट द्यायची.

पिगमेंटवर वॉर्निश मारल्यावर ती गायब का होते, याचे उत्तरही हेच आहे, आणि इथे कुठली भुकटी आहे त्यावर बरेच अवलंबून असते. खडू आणि चिकणमाती यांचा अपवर्तनांक १.५ ते १.६ च्या आसपास, ॲक्रिलिक रेझिनचा सुमारे १.४९. दोन्ही इतके जवळ की रेझिनमध्ये बुडालेला खडूचा कण जवळजवळ पारदर्शक होतो. लाल लोह ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक अडीचच्या वर असतो, म्हणून त्यांचे कण रेझिनमध्येही दिसत राहतात. त्यामुळे वॉर्निशनंतर गंज शिल्लक राहतो आणि पेस्टल खडूची फिकट धूळ नाहीशी होते. ती टिकवायची असेल तर मिश्रणात टायटॅनियम पांढऱ्याची चिमूट घाला. प्रदर्शनात ठेवायच्या मॉडेलवर पिगमेंटनंतर वॉर्निश मारूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खेळात हाताळल्या जाणाऱ्या २८ मिमीच्या छोट्या शिपायांची गोष्ट वेगळी. तिथे वॉर्निशवाचून टिकाव नाही. म्हणून झग्याची किनार, बूट आणि तळाची जमीन यांवर भुकटी हवी त्यापेक्षा ठळक द्या, रेझिनवाल्या फिक्सरने पक्की करा, मग लांबून मॅट वॉर्निशचे दोन-तीन अगदी विरळ हात मारा. त्यानंतर जी कमी झालेली दिसेल ती बोटे न लागणाऱ्या जागी कोरडीच थोडी परत लावा.

फिक्सर वाळताना कधी कधी कडेला गडद किंवा फिकट रेघ उमटते, भिंतीवर ओल वाळल्यावर राहते तशी. थेंबाच्या कडेचा द्रव आधी उडतो, त्याची जागा घ्यायला मधला द्रव कडेकडे सरकतो आणि कण सोबत नेतो. उपाय सोपा आहे : एका वेळी एक अख्खा पत्रा भिजवा, अर्धा नको, म्हणजे कड सांध्यावरच येते. रेघ उमटलीच तर स्वच्छ व्हाइट स्पिरिटने ओलसर केलेला ब्रश त्या कडेवरून बाहेरच्या दिशेने फिरवून ती विरवा. पूर्ण वाळायला रात्रभर वेळ द्या. त्याआधी रंगाबद्दल कुठलाही निर्णय घेऊ नका.

ओली पद्धत : चाके आणि पट्टे

चाकांच्या आत, स्प्रिंगांच्या मागे, चाकांभोवती फिरणाऱ्या पोलादी पट्ट्याच्या कड्यांमध्ये कोरडी भुकटी पोचत नाही. तिथे ती द्रवात कालवून सोडावी. १ भाग भुकटी आणि ४ ते ५ भाग व्हाइट स्पिरिट, ताकाइतके पातळ. ब्रशने भरपूर लावा, ते स्वतःच सांध्यांत उतरते. भुकटी तळाशी बसत राहते, म्हणून प्रत्येक वेळी ढवळा. तासा-दोन तासांत वाळले की कडक आखूड केसांच्या ब्रशने उंच भागांवरून झाडून काढा. खोलगट भागातली भुकटी राहते आणि चाकाचा आकार उठून दिसतो. खाली इनॅमलचा वॉश दिला असेल तर तो आधी दोन दिवस वाळू द्या, नाहीतर व्हाइट स्पिरिटने तोही सुटून भुकटीत मिसळतो आणि सगळे राडेराड होते.

सेंच्युरियनचे पट्टे ओतीव मँगनीज पोलादाचे, रबरी पॅड नसलेले. त्यामुळे जमिनीला लागणारे उंचवटे घासून चमकतात, आणि आतल्या बाजूला जिथे रबरी धावांची चाके फिरतात तिथेही दोन लांब रेघा गुळगुळीत होतात. पट्ट्यांना आधी गडद तपकिरी रंग, मग मातीची ओली भुकटी, ती वाळून झाडली की शेवटी ६बी पेन्सिलचे शिसे पॉलिश पेपरवर घासून काढलेली ग्रॅफाइटची पूड बोटाने त्या उंचवट्यांवर चोळा. ग्रॅफाइट नेहमी सर्वांत शेवटी, फिक्सर वाळल्यावर. आधी चोळले तर फिक्सरने त्याची धातूची चमक मरते. चालू वाहनाच्या पट्ट्यांवर भडक नारिंगी गंज देऊ नका. रोज जमिनीवर घासणाऱ्या पोलादावर तो साचतच नाही.

चिखल

बसंतरच्या पात्रातून गेलेल्या रणगाड्याला चिखल लागणारच. पण मॉडेलवर चिखल देताना जाडीचे भान सुटते. २ मिमीचा गोळा म्हणजे खऱ्या वाहनावर ७ सेंमी. बाजूच्या पत्र्यावर एवढा चिखल टिकतच नाही, तो गळून पडतो. तेवढी जाडी फक्त चाकांच्या मागे, मडगार्डच्या खालून आणि मागच्या दातेरी चाकाभोवती शोभते. सेंच्युरियनचे दातेरी चाक मागे असते. पट्ट्याची वरची बाजू चिखल घेऊन मागून पुढे येते आणि वाटेत तो मडगार्डच्या खालच्या अंगावर फेकत जाते.

मिश्रण : भुकटी ३ भाग, प्लॅस्टर ऑफ पॅरिस १ भाग, आणि ॲक्रिलिक मॅट मीडियम इतकेच की ब्रशवरून ओघळणार नाही, हळूच सरकेल. गवताच्या काड्यांसाठी सुतळीचे तंतू १ ते २ मिमीचे कातरून त्यात टाका. प्लॅस्टर पांढरे असल्याने वाळल्यावर रंग बराच फिकट होतो, म्हणून भुकटी एक छटा गडद घ्यावी. थोडे मिश्रण टाकाऊ प्लॅस्टिकवर लावून वाळवून बघा. बाटलीत किंवा वाटीत दिसणाऱ्या रंगावर भरवसा ठेवू नका. एका वेळी १ मिमीपेक्षा जाड थर दिला की तो वाळताना आकसून तडकतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. जाडी हवीच असेल तर दोन थरांत द्या.

शिंतोड्यांसाठी हेच मिश्रण आणखी पातळ करा, आखूड ब्रशवर घ्या आणि एअरब्रशमधून साधारण १० पीएसआय दाबाची नुसती हवा सोडून उडवा. एअरब्रश नसेल तर ब्रशचे केस टूथपिकने मागे ओढून सोडा. वरचे पत्रे कागदाने झाका. पहिला फवारा नेहमी कागदावर, कारण त्यात मोठे थेंब असतात.

चिखल सगळा एकाच दिवसाचा दिसू नये. आधी फिकट, कोरडा, जुना थर मोठ्या भागावर. त्यावर गडद, ओलसर थर थोड्या भागावर. त्यावर अगदी मोजक्या जागी, चाकांच्या खालच्या कडेला, गडद रॉ अंबरमध्ये ग्लॉस वॉर्निश मिसळून आत्ताच लागलेला ओला चिखल. ओलेपणा हा रंगाचा गडदपणा आणि चमक या दोन्हींनी मिळून दिसतो. नुसती चमक दिली तर प्लॅस्टिक दिसते, नुसता गडदपणा दिला तर वेगळीच माती दिसते.

गंज आणि काजळी

सेंच्युरियनचे दोन सायलेन्सर मागच्या बाजूला मडगार्डवर असतात. ते तापतात आणि थंड होतात, तिथला रंग जळून जातो, म्हणून गंजाची खरी जागा ती. खाली गडद तपकिरी रंग द्या. त्यावर फिक्सरचा पातळ हात मारा आणि ओला असतानाच गडद गंजाची भुकटी ब्रशने टोचत जा. इथे मुद्दाम टोचायची, कारण खरखरीत पोत हवा आहे. वाळल्यावर मधला लालसर गंज तुकड्या-तुकड्यांत, आणि नारिंगी फक्त कडांवर आणि जोडाच्या रेघेवर, एकूण भागाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी : काळ्या भुकटीत निम्मी बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी भुकटी मिसळा. शुद्ध काळी भुकटी मॉडेलवर भोकासारखी दिसते.

पावसाचे ओघळ दाखवायचे असतील तर बाजूच्या धुळीतून व्हाइट स्पिरिटने ओलसर केलेला बारीक ब्रश वरून खाली सरळ ओढा. ओघळ वरती कशाला तरी लागून सुरू व्हायला हवा, एखादा बोल्ट, बिजागर किंवा पत्र्याची कड. मोकळ्या पत्र्याच्या मध्यातून सुरू झालेला ओघळ खोटा वाटतो.

संदर्भासाठी अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे रणगाडा संग्रहालय जरूर बघावे. वेल्डिंगच्या रेघा, बोल्टची डोकी, पट्ट्याच्या कड्या यांसाठी त्याच्यासारखी जागा नाही. धुळीसाठी मात्र संग्रहालयातली वाहने बघू नका, ती पुन्हा रंगवून नीटनेटकी ठेवलेली असतात. धूळ आणि चिखल कसा बसतो ते बघायला उसाच्या हंगामातला ट्रॅक्टर किंवा खाणीवरचा डंपर जास्त उपयोगाचा. माती वेगळी असली तरी धूळ कुठे साचते आणि कुठे पुसली जाते, याचे नियम तेच.

काम पूर्ण झाल्यावर मॉडेल ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवा. घरातली करडी धूळ या धुळीवर बसली की दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत, आणि फडक्याने किंवा ब्रशने पुसायला गेलात तर व्हाइट स्पिरिटने बसवलेली भुकटी आधी निघते. पेटी नसेल तर कॅमेऱ्याच्या लेन्सवर हवा मारायचा रबरी फुगा १५ सेंमी लांबून महिन्यातून एकदा मारावा. कॅनमधली दाबाची हवा वापरू नये. तिचा जोर जास्त असतो, आणि कॅन तिरपा झाला तर आतला द्रव बाहेर येऊन पांढरा डाग पडतो.